सिमेंटात घातलेला गूळ

घर बघायला आबा माघ महिन्यात गेले, तिथंच सगळं चुकलं. माघात कोल्हापुरातलं कुठलंही तळघर ठणठणीत कोरडं असतं. आबा नऊ पायऱ्या उतरून खाली गेले, भिंतीला हात लावला, जमिनीवरची माती चिमटीत धरून चुरली, हुंगली, आणि वर येऊन घरमालकाला म्हणाले, "पसंत हाय." हुंगायची त्यांना सवयच होती. माझे वडील गुळाच्या बाजारात पारखी होते. गुळाच्या मोठ्या ढेपेला आमच्याकडे रवा म्हणतात. त्या रव्याला टोचा मारून निघालेला कण जिभेवर ठेवला की ऊस कुठल्या रानातला, रस आटवताना काहिलीत गूळ करपला की काय, सगळं ते सांगत. त्यांचं चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही. घराच्या बाबतीत मात्र ते सपशेल फसले, आणि त्यांनी ते कधी कबूल केलं नाही.

घर पंचगंगेच्या बाजूच्या पेठेत होतं. पुढं सोपा, म्हणजे ओसरी, मधे एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराखाली तळघर. आधीच्या मालकाचं दुकान होतं, त्याचा माल तिथं असे. तळघराच्या भिंती गुडघ्यापर्यंत दगडी आणि त्यावर थेट स्वयंपाकघराच्या आढ्यापर्यंत पांढऱ्या मातीच्या. हे एवढं वाक्य लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं कळेल. दगडाला पाण्याचं काही वाटत नाही. मातीला वाटतं.

आम्ही राहायला आलो त्या आषाढात एका सकाळी आई पाटा धुऊन ठेवायला खाली गेली आणि पाटा तिथंच टाकून वर आली. तळघरात घोटाभर पाणी होतं. दारातून आलं नव्हतं, छपरातून गळलं नव्हतं. नदी आमच्या गल्लीत कधीच आली नाही. ती दोन गल्ल्या पलीकडंच थांबे आणि आमच्या तळघरात मात्र न चुकता येई. नदी चढली की उत्तरेच्या कोपऱ्यात जमिनीतून दोन ठिकाणी पाणी उमळायला लागे, अगदी शांतपणे. घोट्याचं पोटरीला आणि पोटरीचं गुडघ्याला यायला दोन दिवस पुरत.

बुजवून टाका, असं कुणीही म्हणेल. आम्हीही म्हणालो. पण आमच्या पेठेतला म्हातारा गवंडी खाली उतरून बघून आला आणि मान हलवून म्हणाला, "बुजवू नगासा मालक. पाण्याला हितं जागा हाय म्हणून ते हितं बसतंय. जागा मोडली की भिताडात चढंल. मग सगळंच बसलं की." म्हणजे तळघर ठेवायचं आणि पाणी उपसायचं. गुडघ्याच्या वर गेलं की ते दगड सोडून मातीच्या भिंतीला लागणार, हा हिशेब. दरवर्षी पावसाळ्याचे दोन-अडीच महिने, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

उपसणारं कोण? पावसाळ्यात गडी मिळत नसत. सगळे रोपलावणीला आपापल्या गावी गेलेले. आईला दमा. पाच-सहा पायऱ्या चढली की भिंतीला धरून उभी राही. आबांचा उजवा खांदा बाजारात रव्यांची थप्पी कोसळली तेव्हा कायमचा गेला होता. हात छातीच्या वर उचलत नसे. पारख करायला नाक आणि जीभ पुरतात, म्हणून बाजारातली जागा राहिली एवढंच. मी एकुलती एक. त्यामुळं प्रश्न विचारायची कुणाला गरजच पडली नाही.

रॉकेलच्या रिकाम्या डब्याला वर आडवी लाकडी दांडी ठोकलेली होती. तो डबा बुडवायचा, भरायचा, नऊ पायऱ्या चढायच्या, घरामागच्या परड्यात जाऊन गटारीत ओतायचा आणि पुन्हा खाली. पहिले दहा-बारा डबे माणूस काहीतरी विचार करतं. पुढं विचारही थांबतो. मी मॅट्रिकचा अभ्यास त्या पायऱ्यांवर पाठांतर करत केला, कॉलेजची वर्षंही तशीच काढली. मैत्रिणी पाऊस आला की रंकाळ्यावर जायच्या. मला पाऊस आवडतो का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी त्याला डबा दाखवला असता.

शहाणी माणसं तेव्हा राजारामपुरीत जागा घेत होती. अर्धा माळ आणि अर्धी घरं अशी ती वस्ती होती, पण उंचावर. आई अधूनमधून विषय काढी. "तिकडं म्हणं पाण्याला वर चढवावं लागतंय," ती म्हणे, आणि हे ती असं म्हणे, जसं कुणी काशीचं वर्णन करावं. आबा पान जमवत राहत. आपण पारखून घेतलेली वस्तू वाईट निघाली हे त्यांना सोसत नव्हतं.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मी बी.एस्सी. होऊन एका मुलींच्या शाळेत रजेच्या जागेवर शास्त्र शिकवत होते. रजेवरच्या बाई परत आल्या की माझी सुट्टी. एप्रिलमध्ये गारगोटीच्या एका शाळेचं पत्र आलं. शास्त्र आणि गणिताला कायमची जागा, शाळेच्या आवारात राहायला खोली. तिथले मास्तर जुलैअखेर सोडणार होते. मी एक ऑगस्टला हजर व्हायचं, न आल्यास दुसऱ्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. मी ते पत्र तीनदा वाचलं. नोकरीपेक्षा मला 'खोली' हा शब्द जास्त आवडला. ती टेकाच्या कडेला आहे, असं पत्रात लिहिलं होतं. म्हणजे पाणी खाली वाहून जाणार, आपोआप, कुणी न उचलता.

मी पत्र आबांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. आणि म्हणाले, "आगस्ट म्हंजी ऐन पाणी."

सगळ्यांनाच ते ठाऊक होतं. मी गेले तर डबा कोण उचलणार आणि नाही गेले तर मी कोण होणार, हे दोन प्रश्न त्या दिवशी आमच्या सोप्यात येऊन बसले आणि पुढं तीन महिने उठले नाहीत.

आठ दिवसांनी आबा बाजारातून आले ते गवंड्याला घेऊनच. दोघं खाली उतरले आणि बराच वेळ बोलत बसले. वर येऊन आबांनी जाहीर केलं की यंदा तळघराची जमीन सिमेंटानं बांधून टाकायची. दोन्ही झरे बंद. पाणी भिंतीत चढेल ही भीती होतीच. तिला उत्तर म्हणून झऱ्यांचं पाणी बाहेर काढायला जमिनीखालून परड्याच्या उतरत्या टोकापर्यंत एक दगडी नाळही खोदायची. "मग तू बिनघोर जा," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले, कारण असली वाक्यं आमच्या घरात समोर बघून बोलायची पद्धत नव्हती.

सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळे. आबा किती दिवस कचेरीत जाऊन बाकावर बसले ते मी मोजलं नाही. शेवटी चार पोती मिळाली. ती आली त्या दिवशी गल्लीतली माणसं बघायला आली, आणि आबांनी प्रत्येकाला पोत्यावरून हात फिरवू दिला. गवंड्याचा सगळा जन्म चुन्यात गेला होता. सिमेंट त्यानं दुसऱ्याच्या कामावर लांबून पाहिलेलं. त्यानं चिमूटभर हातावर घेऊन फुंकली आणि म्हणाला, "चुन्याचाच थोरला भाऊ हाय ह्यो."

जुन्या चुनेकामात गूळ घालतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हिरडा भिजत घालायचा, गूळ विरघळवायचा आणि ते पाणी चुना मळायच्या घाण्यात ओतायचं. गड बघा, घाट बघा, चुना दगडासारखा झालाय तो गुळानं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आता जन्मभर गुळात राहिलेला माणूस आणि जन्मभर चुन्यात राहिलेला माणूस असे दोघं एकत्र बसल्यावर दुसरं काय होणार?

पण सगळा दोष त्या दोघांचा नाही. त्या संध्याकाळी मी सोप्यात वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. गठ्ठा मोठा होता, मुलींनी ऑक्सिजनबद्दल वाटेल ते लिहिलं होतं आणि माझं डोकं दुखत होतं. आबा येऊन उंबऱ्यावर टेकले.

"काय गं, चुन्याला गूळ घालत्यात. शिमिटाला घातला तर चालतोय न्हवं? तू शास्तर शिकवतीस म्हणून इचारलं."

मी मान वर केली नाही. "चालेल की. घाला."

एवढंच. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही हे सांगायला जेवढा वेळ लागला असता तेवढाच हो म्हणायला लागला. आबांनी मान डोलावली आणि समाधानानं आत गेले. त्यांच्या लेकीनं, जी बी.एस्सी. होती, त्यांच्या गुळाला मान्यता दिली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून रवा आणला. चुन्यात घालायला खरं तर काळा, खालचा, कुणी खात नाही असला गूळ वापरतात. आबांनी पहिल्या प्रतीचा, पिवळाधमक, कणीदार गूळ निवडला. परड्यात बसून डाव्या हातानं तो फोडला, एक तुकडा मला दिला, एक आईला. "बघ कसा हाय." मुलीसाठी स्थळ बघतानाही माणूस एवढं बघत नसेल. गवंडी म्हणाला, "मालक, निम्मा पुरं." आबा म्हणाले, "सगळा घाला. पोरीचं काम हाय."

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काम झालं. खाली दगड बसवले, नाळ खोदली, वर सिमेंट पसरलं. गुळाचं पाणी मिसळल्यामुळं त्याला करडा-पिवळा रंग आला होता आणि तळघरभर गुऱ्हाळाचा वास सुटला होता. संध्याकाळी गवंड्यानं थापी धुतली, नारळ फोडला. आम्ही तिघं पायरीवर उभं राहून ती सपाट जमीन बघत होतो. मला तेव्हा गारगोटीची खोली डोळ्यांसमोर दिसली. मी मनातल्या मनात ट्रंकेत काय काय भरायचं तेही ठरवून टाकलं.

सकाळी आबांनी जाऊन अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"जरा येळ द्या," गवंडी म्हणाला. दिला. तिसऱ्या दिवशी अंगठा गेला, पाचव्या दिवशी गेला. आठव्या दिवशी काळे मुंगळे आले. आधी एक रांग, मग चार. परड्यातून नाळेच्या तोंडानं आत, पायऱ्यांवरून आत, भिंतीच्या फटीतून आत. नंतर गांधीलमाश्या आल्या. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून ओरडले, "आबा, तळघरात साखर कारखाना काढलासा व्हय?" आबा हसले. आई सकाळ-संध्याकाळ पायऱ्यांवर राख टाकत होती. जमीन वरून सुकल्यासारखी दिसे, पण काडी खुपसली की खाली सगळं थलथलीत.

मेअखेर आबांच्या ओळखीचे एक ओव्हरसियर काही कामानं घरी आले होते. त्यांना खाली नेऊन दाखवलं. त्यांनी खाली वाकून बोट घातलं, वास घेतला आणि सरळ होऊन म्हणाले, "ह्यात काय घातलंय?"

आबांनी सांगितलं.

"अहो, सिमेंटात मूठभर साखर पडली तरी ते धरत नाही. तुम्ही अख्खा रवा घातलात? हे आता जन्मात घट्ट व्हायचं नाही. कुणी सांगितलं तुम्हांला हे?"

मी आबांच्या मागं, तिसऱ्या पायरीवर उभी होते. आबांनी मागं वळून पाहिलं नाही. "आमीच घातलं," ते म्हणाले. "चुन्याला चालतंय म्हणून." ओव्हरसियर हसले, चहा घेऊन गेले. मी तोंड उघडलं नाही. आता सांगायला लाज वाटत नाही अशातला भाग नाही, अजूनही वाटते. पण तेव्हा लाजेपेक्षा दमणूकच जास्त होती. मी पुढच्या दोन महिन्यांच्या पायऱ्या मोजत होते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नदी चढली आणि झरे नेहमीच्या जागी उमळले. त्या राडीतून वाट काढत पाणी वर आलं. नाळेत तीच राड वाहून बसली होती, त्यामुळं बाहेर जायला वाट उरली नव्हती. यंदाचं पाणी वेगळं होतं. करडं, बुळबुळीत, आणि आंबलेल्या काकवीचा वास मारणारं. पाय बुडवले की आधी गार वाटे, मग चुणचुणे. चार दिवसांत माझ्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलून निघाली. डबा पूर्वी पाण्यानं भरायचा, आता राडीनं, आणि राड पाण्यापेक्षा किती जड असते ते मी कुठल्याही पुस्तकाशिवाय सांगू शकते. सकाळी उपसून शाळेत जायचं, फळ्यावर लिहायला हात वर केला की खांदा कापायचा, संध्याकाळी येऊन पुन्हा उतरायचं. आई गरम पाणी आणि तेल-हळद घेऊन बसलेली असे. ती काही बोलत नसे. बोलायला दम लागतो, आणि तो ती स्वयंपाकासाठी राखून ठेवी.

आबा डाव्या हातात बिंदगी, म्हणजे छोटी कळशी, घेऊन माझ्या मागं-पुढं करत. डब्याच्या चौथाईभर पाणी तिच्यात मावे. त्यातलं निम्मं पायऱ्यांवर सांडे आणि मग पायरी निसरडी होई. मी एकदा घसरले. दुसऱ्यांदा घसरले तेव्हा म्हणाले, "तुम्ही वरच थांबा." ते वर थांबले.

जुलैचे शेवटचे चार दिवस राहिले. ट्रंक भरलेली नव्हती, कुणी विषय काढत नव्हतं. मी गारगोटीला नकाराचं पत्र लिहून वहीत ठेवलं होतं. फक्त पाकिटावर पत्ता घालायचा राहिला होता. त्या संध्याकाळी उपसून वर आले, परड्यात पाय धूत बसले. आबा चहाची कपबशी घेऊन आले आणि माझ्याजवळ जमिनीवर ठेवत म्हणाले, "तू जा गारगोटीला. हितलं मी बघतो."

मला काय झालं कुणास ठाऊक. म्हणजे ठाऊक आहे. इतक्या वर्षांचे सगळे डबे एकदम वर आले.

"कसं बघणार? एका हातानं?" मी म्हणाले. "इतकं बघायचं होतं तर नीट करायचं. शेजारीपाजारी हसतात आपल्याला. तुम्हांला मी जायला नकोच होतं. म्हणून तर हे असं करून ठेवलंत."

आई दारात आली होती. ती आत वळली. आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. एखादा कण जिभेवर ठेवल्यावर ते जसे थांबत, तसे थांबले. गुळाला 'घाला' कोण म्हणालं होतं, ते त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं. मला वाटतं, मी वाटच बघत होते त्यांनी ते म्हणावं म्हणून. म्हणजे मला गप्प बसता आलं असतं, नकाराचं पत्र टाकता आलं असतं आणि पुढं जन्मभर डबा उचलता आला असता.

"च्या घे," आबा म्हणाले. "गार हुतोय." आणि आत गेले.

मी रागातच ट्रंक भरली. रागातच एकतीस तारखेला गारगोटीच्या मोटारीत बसले. आबा स्टँडवर आले होते. ट्रंक टपावर चढवायला त्यांनी क्लीनरला सांगितलं, "संबाळून पावणं, पुस्तकं हायत." मी खिडकीतून हात केला नाही. वाटेत बिद्रीच्या पुढं रस्त्यावर पाणी होतं, मोटार बराच वेळ थांबली, आणि उतरून परत जावं असं मला एकदाही वाटलं नाही.

गारगोटीची खोली पत्रात लिहिली होती तशीच होती. रात्रभर पाऊस पडायचा आणि सकाळी उंबऱ्यापुढची जमीन नुसती ओली असायची. पाणी उतारानं निघून गेलेलं. पहिले आठ दिवस मी शाळेतून आले की झोपायची. जेवणासाठी हाक मारावी लागे. पायाची कातडी भरून आली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं सांगायचं तर मी सुखात होते.

घरून दर आठवड्याला कार्ड येई. आबांचं अक्षर मुळातच वाकडं, त्यात आता डाव्या हाताचं. 'इकडे सर्व ठीक. पाणी यंदा बेताचे आहे. आईचा दमा बरा. काळजी नसावी.' मी ते वाचून उशीखाली ठेवी आणि विश्वास ठेवी. विश्वास ठेवणं सोयीचं होतं. नदी तर गारगोटीकडचीही चढली होती, मी ती रोज बघत होते.

गौरी-गणपतीच्या सुट्टीत घरी गेले. गल्लीत शिरल्यावर आमचं घर पुढून जसंच्या तसं दिसलं. दार उघडं होतं. सोप्यात, जिथं मी पेपर तपासायची तिथं, तीन विटांची चूल मांडलेली होती आणि आई भाकरी थापत होती. तिनं मला पाहिलं, हात झटकले आणि म्हणाली, "आलीस? हातपाय धू."

मी मधली खोली ओलांडून मागं गेले. स्वयंपाकघर नव्हतं. उत्तरेची भिंत पूर्ण आणि पश्चिमेची निम्मी खाली बसली होती. छपराचा मागचा भाग लोंबत होता, त्याला दोन वासे लावून टेकू दिलेला. तळघराचं तोंड मातीनं भरून गेलं होतं. जिथं आईची भांड्यांची मांडणी होती तिथून परड्यातला पेरू दिसत होता.

"कधी?" मी विचारलं.

"झालं की तीन आठवडे," आई मागून म्हणाली. "भांडी आधीच काढलीती. कुणाला लागलं न्हाय."

"उपसत नव्हते आबा?"

"तू गेल्यावर पाच दिस उपसलं. मग खांदा ह्यो एवढा सुजला, हात उचलंना. त्यातूनबी बिंदगी घिऊन निघालं हुतं. मीच म्हटलं, ऱ्हाऊ द्या आता. बिंदगी लपवून ठेवली मी." ती एवढं बोलून थांबली, दम घेतला. "माती हाय. बसायचीच ती कवातरी."

"मला का नाही कळवलंत? मी आले असते."

"म्हणूनच."

मी म्हणाले की मी परत जात नाही, राजीनामा लिहून देते, कोल्हापुरातच कुठंतरी बघते. घर असं उघडं टाकून कशी जाऊ? हे मी मनापासून म्हणाले. आईनं माझ्याकडं जरा रागानंच पाहिलं. ती क्वचित रागावे.

"गप ग," ती म्हणाली. "तू परत यायचीस तर मग आमी भिंत कशाला पडू दिली?" आणि भाकरी उलटायला पुढं गेली.

आबा परड्यात होते. पडलेल्या मातीच्या ढिगाजवळ उकिडवे बसून ते डाव्या हातानं त्यातून चांगले दगड वेगळे काढत होते. उजवा हात गळ्यात फडक्यानं बांधलेला. मला बघून ते हसले. पावसाचं विचारलं, शाळेचं विचारलं, मुली किती आहेत ते विचारलं. मी उत्तरं देत होते आणि सांगायचं ते वाक्य पुढं ढकलत होते. शेवटी काढलं.

"आबा, गूळ घाला असं मीच सांगितलं होतं."

"म्हाईत हाय की," ते म्हणाले.

"मग त्या दिवशी मी तुम्हांला तसं बोलले, तेव्हा का नाही सांगितलंत? एका शब्दानं सांगायचं."

त्यांनी हातातला दगड उलटासुलटा करून बघितला. चांगला होता. तो चांगल्या दगडांत ठेवला.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू गेली असतीस व्हय?"

मी तिथंच मातीत बसले आणि मोठ्यानं रडले. आबा दगड काढत राहिले.